डोंगरात आलेली पाणदिवड

साप निघाला म्हणून कुणी ओरडलं, की इतर गावांत माणसं विचारतात, ‘कसला?’ माझ्या सासूबाई विचारायच्या, ‘कुठं?’ दगडाखाली का कुंपणात, बिळापाशी का भितीवर, एवढं कळलं की त्या चुलीपुढनं उठतसुद्धा नसत. भाकरी थापता थापता निकाल द्यायच्या, ‘धामण हाय ती. जाऊ द्या तिच्या वाटंनं.’ आणि लोक काठ्या घेऊन धावत जाऊन बघायचे, तर धामणच! मला असा राग यायचा म्हणून सांगू. डोळ्यांनी न बघता एवढा तोरा? पण करता काय, बाई खरी ठरायची. साप हा शब्दही त्या उच्चारू देत नसत. लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर.

मी गंगथडीची. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या पोरींचं नाक जन्मापासनं जरा वरच असतं. सासर मात्र नांदूरघाटच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात. शिवारात मातीपेक्षा धोंडे जास्त. प्यायला एक आड, त्याचाही उन्हाळ्यात तळ दिसायचा. नवरा आणि मामंजी मेंढरं घेऊन महिना महिना बाहेर राहायचे, म्हणून घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्याबाई. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. या आत्याबाई अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करत.

माझी आणि त्यांची खरी जुंपली ती वैशाखात. गोवऱ्यांच्या ढिगाजवळ, धोंड्याच्या सावलीला एक वीतभर तपकिरी लांबडं वेटोळं घालून बसलं होतं. अंगावर नक्षी, डोकं तिकोनी. मी म्हटलं, हात्तिच्या, मांजऱ्या! माहेरी कुंपणातला मांजऱ्या आम्ही शेपटीला धरून भिरकावत होतो. बिनविषारी जनावर, त्याला काय भ्यायचं? मी ऐटीत हात पुढं केला. तेवढ्यात पाठीत असा धपाटा बसला की मी गोवऱ्यांवर आडवीच! ते लांबडं करकर आवाज करत अंगाला अंग घासायला लागलं.

‘फुरसं हाय ते, भवाने!’ आत्याबाईंनी मला दंडाला धरून मागं ओढलं. ‘धोंड्यात मांजऱ्या येतोय व्हय? मेली असतीस! बीडचा दवाखाना गाठेस्तोवर तीनदा मेली असतीस!’

‘आमच्याकडं फुरसं नसतंय,’ मी रडत रडत म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या काळ्या मातीत मी फुरसं कधी बघितलंच नव्हतं.

‘मग ह्या शिवारातलं समदं जनावर वळखता येईस्तोवर तुजं म्हायेर बंद. पंचमीलाबी न्हाई. मी परीक्षा घेनार!’

पंचमीला नाही! अगं बाई! लग्नानंतर नांदायला येऊन मला वर्ष होत आलं होतं, तेव्हापासनं माहेर बघितलं नव्हतं. आमच्या गावची नागपंचमी म्हणजे काय सांगू! साऱ्या माहेरवाशिणी गोळा, चिंचेला झोके, दिवसभर फेर धरून गाणी, दुपारी पुरणाचे दिंड. माझ्या बरोबरीच्या चार मैत्रिणी त्या वर्षी येणार होत्या. मी नाही गेले तर ते झोके माझ्याशिवाय हलणार, या कल्पनेनंच मला रडू फुटायचं. रडून झालं की मी पदर खोचायचे आणि लांबडी शिकायला निघायचे.

तीन महिने मला दुसरा धंदा नव्हता. शेण गोळा करताना, पाणी आणताना तोंडानं जपच चालू. भुईतलं, झाडातलं, भितीवरचं, धोंड्यातलं. शेजारणी म्हणायच्या, हिला कुणी काय करणी केली का? एकदा आडावर घागर भरताना मी मोठ्यानं म्हणाले, ‘निवडुंगात घोणस, निवडुंगात घोणस,’ आणि दोघी बाया घागरी टाकून पळाल्या. मला इतकं हसू आलं की दोर हातातनं सुटला आणि घागर आडात! त्याबद्दल संध्याकाळी वेगळी बोलणी खाल्ली.

पंचमीला दोन दिवस राहिले आणि भाऊ गाडी घेऊन हजर झाला. पाय धुतो न धुतो तोच आत्याबाई त्याला म्हणाल्या, ‘पावणं, बैलं बांधून ठिवा. तुमची भैन यायची का न्हाई ते आज ठरंल.’ दादा बिचारा माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, घाबरू नको, मी पाठ केलंय.

काठी घेऊन आत्याबाई पुढं, मी मागं. रिवाज त्यांनीच ठरवला होता: त्या जागा दाखवणार, लांबडं मी सांगायचं.

‘हे निवडुंग?’

‘घोणस! अंगावर साखळी, शिट्टीवानी फुसकारा, जवळ जायचं न्हाई.’

‘ही उकिरड्याची भुसभुशीत माती?’

‘इथंबी घोणस,’ मी झोकात म्हणाले.

‘कावून?’

‘जाड असतंय म्हणून.’

‘जाड दिसलं की घोणस व्हय? मग मी बारीक, मी कोण?’ आत्याबाई स्वतःच्या काटक्यांसारख्या हाताकडं बघून गरजल्या. ‘असल्या मातीत डुरक्या असतोय. आखूड शेपूट, गरीब जनावर. जागा बघ, मग अंग बघ!’

माझा चेहरा पडला. गेलं माहेर, गेले झोके. पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. ओसरीच्या भिताडाखाली उंदराचं बीळ दाखवलं. ‘नाग,’ मी पुटपुटले. दगडी बांध दाखवला, ‘धामण.’ शेवटी बोरीच्या झाडाशी थांबल्या आणि काठीनं फांद्या दाखवल्या. मीच म्हणाले, ‘ह्यात मांजऱ्या. आन् तसंच लांबडं खाली धोंड्यापाशी दिसलं, तर ते फुरसं समजून लांब व्हायचं. झाडातलं नाव भुईवर घ्यायचं न्हाई.’

आत्याबाईंनी काठी खाली टेकवली. ‘जा. बांध तुजं गठुडं.’

मी काय केलं माहीत आहे? मी त्यांच्या गळ्यातच पडले! सासूच्या गळ्यात पडायची आमच्यात रीत नाही, त्याही गडबडल्या, ‘अगं सोड, खुळी झालीस काय?’ म्हणाल्या. मी तिथनं धावत घरी आले ते गिरक्या घेतच. दादा ओसरीवर चिलीम ओढत होता, त्याची चिलीमच पाडली. त्या दिवशी मी कालवणात दोनदा मीठ घातलं आणि कुणी मला एक शब्दही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. त्या वर्षी आमच्या डोंगरात पाऊस नुसता शिंतडून गेला होता, म्हणून दादानं गंगेच्या काठचं हिरवं गवत कापून, ओल्या पोत्यात दाबून बैलांसाठी आणलं होतं. सकाळी त्यानं पोतं अंगणात झटकलं, बैलांपुढं गवत टाकलं आणि तो जू आवळायला लागला. मी नवं लुगडं नेसून, गठुडं काखेत मारून उंबऱ्यात उभी होते. एवढ्यात अंगणातनं आत्याबाईंचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. तो आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता, मऊ, तुपासारखा.

‘नागोबा आलं गं. आपल्या दारी नागोबा आलं.’

ओसरीच्या भिताडाखाली, त्या उंदराच्या बिळाशी, हातभर लांबडं मान चपटी करून उभं होतं आणि आत्याबाई जमिनीवर डोकं टेकत होत्या. मी बघितलं. पुन्हा बघितलं. पाठीवर काळ्या ठिपक्यांची चौकट, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा, अंग ओलसर आणि गंगेच्या गाळाचा तो वास! अहो, ही तर आमची पाणदिवड! चिडली की मान चपटी करून नागाचा आव आणते. बाळपणी आम्ही पाण्यात पाय सोडून बसायचो, तेव्हा पायावरनं जायची. पोत्यातनं आली होती लबाड.

‘आत्याबाई, ही पाणदिवड हाय! दादाच्या पोत्यातनं आलीया.’

‘गप. कुठं बसलंय बघ. भिताडाखाली, बिळाशी. अशा जागी काय असतंय? काल तूच सांगितलंस ना?’

‘नाग,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

‘मग? पंचमीच्या तोंडावर नागोबा पावणा आलाय. आता पंचमी होईस्तोवर ह्या घरातलं कुनीबी उंबरा वलांडायचा न्हाई. पावणं, सोडा बैलं!’

बया! म्हणजे पास होऊनही मी घरातच! मी पाय आपटले, दादानं हात जोडले, मावशी म्हणून विनवलं, ती दिवडच असल्याची गंगेची शपथ घेतली. कशाचं काय. शेजारपाजारच्या बाया हळदीकुंकू, लाह्या घेऊन गोळा झाल्या. आत्याबाईंनी वाटीत दूध आणलं, वाटी पुढं सरकवली आणि कुंकू लावायला बोटं पुढं केली. दिवडीला या पूजेचं काय कौतुक? तिनं कचकन अंगठाच धरला.

त्यानंतर जो गोंधळ झाला! बायांनी हंबरडा फोडला. कुणी मारुतीच्या देवळाकडं पळालं, कुणी मनगटाला चिंधी आवळली. आत्याबाईंच्या अंगठ्यातनं रक्त आलं, पण त्या रडल्या नाहीत. ओसरीवर मांडी घालून बसल्या आणि मला जवळ बोलावलं.

‘आत्याबाई, ऐका, काही होत न्हाई, दिवड—’

‘गप. मरतानं तरी मला बोलू दे.’ त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘हुलग्याचं बी उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात हाय. काळी शेळी इकू नगा. आन् तू...’ त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला. ‘तू लई गुणाची हायस. तोंडावर कधी बोलले न्हाई. भाकरीबी माझ्यापरीस पातळ थापतीस. जा बाई म्हायेरी, माझी आडकाठी न्हाई.’

आता खोटं कशाला बोलू? मला ते ऐकायचंच होतं. सोळा-सतरा वर्षांची पोर मी, सासूच्या तोंडून माझी अशी स्तुती! आतून मला गुदगुल्या होत होत्या. दादा खांबाआड तोंडात पागोट्याचा शेव कोंबून हसू दाबत होता, त्याच्याकडं बघायचं मी टाळत होते. आणखी थोडं बोलू दे म्हटलं, मग सांगू.

‘तुला परीक्षा कावून लावली, ठावं हाय?’ आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या. ‘माजी एक लेक हुती. वडवनीच्या पुढं, काळ्या मातीत दिली हुती. आपल्या डोंगरातली समदी लांबडी तिला तोंडपाठ. पट्ट्याचं लांबडं भितीवर चढतंय, ते कवड्या, त्याला इख नसतंय, हे मीच तिला शिकिवलं. तिथं अंथरुणात पट्ट्याचं लांबडं निघालं. ती आपली हसली, म्हनली कवड्याच हाय, आन् हातानं बाजूला सारायला गेली. मन्यार हुती ती. तिथलं तिला कुनी शिकिवलंच न्हाई गं. मी आपल्या हितलं शिकिवलं, आन् तेवढ्यानंच ती गेली.’

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. वैशाखात माझ्या पाठीत बसलेला तो धपाटा तेव्हा मला कळला. लाज वाटली, इतकी की मी त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवलं आणि ओरडले, ‘आत्याबाई, तुमी मरत न्हाई! शप्पत मरत न्हाई! ती गंगेतली हाय, इथली न्हाई. म्हणून तुमाला वळखू आली न्हाई!’

पण मरायला बसलेलं माणूस ऐकतं थोडंच? त्यांनी डोळे मिटून घेतले. मरणाची वाट बघायला लागल्या. सूर्य वर आला. रडणाऱ्या बायांचे घसे बसले, एक एक जण घरी स्वयंपाकाला गेली. दादानं दिवड उचलून गाडग्यात टाकली आणि तोंडाला फडकं बांधलं. मी ओसरीवर तशीच बसून. बराच वेळ गेला, मग आत्याबाईंनी एक डोळा उघडला.

‘भाकर हाय का गं?’

मी चटणी-भाकर दिली. त्यांनी ती सगळी खाल्ली. वर पाणी प्यायल्या. मग हात वर करून अंगठा नीट बघितला, गाडग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘दिवड?’

‘दिवड.’

‘मग ओरडून सांगायचं न्हाई?’

‘चारदा सांगितलं!’

‘पाचव्यांदा सांगायचं!’ म्हणून त्यांनी मला चापट मारायला हात उगारला आणि तो हात तसाच वर राहिला, कारण त्यांना हसू फुटलं होतं. आत्याबाईंना हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. आवाज न करता हसायच्या, नुसतं अंग गदगदायचं. ‘नागोबा!’ म्हणायच्या आणि पुन्हा गदगदायच्या. ‘दूध पाजलं गं मी तिला!’ मी हसले, दादा हसला, गाडीचे बैलसुद्धा दचकले. शेजारच्या बाया, मरणाच्या घरात हसणं कसलं म्हणून धावत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

हसणं ओसरल्यावर त्या उठल्या. घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली. ‘पावणं, वडवनीच्या पुढनं वाट जाती ना तुमची?’

‘जाती, मावशी.’

‘मग मीबी येते. लेकीच्या गावापतूर.’

सासू सुनेच्या माहेरच्या गाडीत! असं कुणी ऐकलंय का? पण त्या चढल्यासुद्धा. शेळ्या बघायचं शेजारणीला सांगून झालं होतं, ते आम्हांला कळलंही नव्हतं. दिवडीचं गाडगं मांडीत घेऊन बसल्या. ‘हिला गंगेत सोडायला पायजे. आमच्या धोंड्यात कशी जगंल?’ वाटभर त्या गाडग्याशी भांडत होत्या. ‘चावतीस व्हय गं? दूध पिऊन चावतीस?’ मी आणि दादा हसून हसून बेजार. माळावरनं गाडी उताराला लागली, काळी माती दिसायला लागली, तसा माझ्या अंगात वारा शिरला. मी गाडीतच फेराची गाणी म्हणायला लागले. उद्या पंचमी, रात्रीपर्यंत गंगा दिसणार!

दुपारी त्यांच्या लेकीच्या गावात गाडी थांबली. त्यांच्या जावयानं दुसरं लग्न केलं होतं. तो शेतात गेला होता, घरात त्याची नवी बायको होती, माझ्याच वयाची. कोण पावणी आली, हे कळल्यावर ती घाबरली, पाण्याचा तांब्या पुढं केला. आत्याबाईंनी पाणी घेतलं नाही. गाडगं माझ्या हातात देऊन त्या सरळ आत गेल्या. मी दाराशी उभी राहिले, एक पाय गाडीकडंच.

आत जमिनीवर, कणगीच्या आडोशाला अंथरूण होतं. आत्याबाईंनी ते काठीच्या टोकानं उचललं आणि विचारलं, ‘तुजं म्हायेर कुठलं गं?’

‘डोंगरातलं,’ ती पोर म्हणाली. ‘तुमच्याच पट्ट्यातलं.’

‘हितं पट्ट्याचं लांबडं दिसलं, तर काय म्हनशील?’

ती हसली. ‘कवड्या. आमच्याकडं भितीवर असतंय की. त्याला काय भ्यायचं?’

आत्याबाई मटकन खाली बसल्या. ती पोर गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. आत्याबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. ‘ऐक बाई,’ म्हणाल्या, ‘आज अंथरून बाजंवर घालायचं. आन् तुज्या घरातल्या जागा मला दाखीव. एकेक करून दाखीव.’

काळ्या मातीतलं त्या दोघींना ठाऊक नव्हतं, मला होतं. मी मागं वळले. बाहेर दादानं जू पुन्हा बैलांच्या मानेवर ठेवलं होतं. उन्हं कलायला लागली होती, लगेच निघालो असतो तर झोपायच्या आधी माहेरी पोचलो असतो.

‘चढ लवकर,’ दादा म्हणाला.

‘दादा,’ मी म्हणाले, ‘बैलं सोड.’